पहिली वीस मिनिटं: अत्याचारग्रस्तांशी कसं वागावं, याचं पोलीस प्रशिक्षण तालुक्यात कसं घ्यावं

एका तालुक्याच्या ठाण्यात मी एका बाईबरोबर गेले होते. रात्रीचे साडेनऊ झाले असतील. तिच्या कडेवर झोपलेलं मूल, हातात कॅरीबॅग, तिच्यात दोन कपडे आणि रेशनकार्ड. टेबलामागच्या अंमलदारांनी रजिस्टरमधून मान वर न करता विचारलं, "काय झालं? नवरा मारतो का?" बाकावर कुठल्याशा भांडणातले चार पुरुष बसले होते, त्यातला एक तिच्याच गावचा. तिनं त्याच्याकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "काही नाही साहेब, चुकून आले." मी तोंड उघडायच्या आत ती पायऱ्या उतरून गेली होती.

त्या अंमलदारांनी तिला हाकललं नव्हतं, शिवी दिली नव्हती. कलमंही त्यांना पाठ असतील. दारातून आत आलेल्या बाईचं पहिल्या वीस मिनिटांत काय करायचं, हे मात्र त्यांना कुणी कधी करून दाखवलं नव्हतं. सातारा-सांगलीत पोलिसांसाठी शिबिरं घेताना माझा सगळा भर तेव्हापासून या वीस मिनिटांवर आहे. संस्थेचे कार्यकर्ते, वकील, समुपदेशक किंवा स्वतः ठाण्याचे प्रभारी, ज्यांना असं प्रशिक्षण घ्यायचं आहे त्यांच्यासाठी ही पद्धत लिहून ठेवते आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या दर १०० बायांपैकी जेमतेम १४ जणींनी कुणाकडे तरी मदत मागितली होती. ७७ जणींनी मदत तर मागितली नाहीच, कुणाला सांगितलंही नाही. म्हणजे ठाण्याची पायरी चढणारी बाई किती उंबरे ओलांडून आलेली असते, याचा अंदाज यावा.

आधी ठाण्यात जाऊन बसा

सभागृह ठरवण्याआधी पोलीस अधीक्षक कार्यालयाची लेखी परवानगी घ्या आणि दोन-तीन ठाण्यांत प्रत्येकी अर्धा दिवस नुसतं बसा. एक बैठक रात्रपाळीची हवी. काय पाहायचं? बाई आल्यावर तिला बसायला कोण सांगतं. ती बोलते तेव्हा किती जणांना ऐकू जातं. महिला मदत कक्षाची पाटी असलेल्या खोलीत खरोखर टेबल-खुर्ची आहे, की जप्तीचा माल रचून ठेवलाय. बाईला वापरता येईल असं स्वच्छतागृह आहे का. महिला अंमलदार एकच असेल आणि ती बंदोबस्ताला गेली, तर मागे कोण.

प्रभारी अधिकाऱ्यांनी दाखवलं तर अदखलपात्र (म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करू शकत नाहीत अशा) नोंदींचं रजिस्टरही चाळा. 'पतीने किरकोळ कारणावरून शिवीगाळ, दमदाटी केली' अशी नोंद एकाच बाईच्या नावावर तीन-चारदा दिसली की प्रशिक्षणाचा पहिला नमुना मिळाला. नाव-गाव झाकून हीच नोंद शिबिरात वाचायची. बाहेरून आणलेल्या गोष्टीपेक्षा आपल्याच रजिस्टरातली ओळ माणसाला जास्त लागते.

कुणाला बोलवायचं आणि कधी

नेहमीची चूक अशी होते की जिल्हाभरातून महिला उपनिरीक्षक आणि महिला शिपाई बोलावल्या जातात. त्यांना यायलाच हवं, पण टेबलावर बसतात ठाणे अंमलदार, आणि ते बहुतेकदा पंधरा-वीस वर्षं नोकरी झालेले हवालदार किंवा सहायक फौजदार असतात. यादीत त्यांची नावं पहिली लिहा. मग सीसीटीएनएसवर, म्हणजे पोलिसांच्या संगणक प्रणालीवर, गुन्हा टाइप करणारे, बीट अंमलदार, ११२ च्या गाडीवरचे कर्मचारी आणि गाडीचे चालकसुद्धा. रात्री बाईला दवाखान्यात नेताना तिच्याशी पाऊण तास कोण बोलतं, तर चालक. अर्ध्या दिवसासाठी पोलीस पाटलांनाही बोलवा. पाटण किंवा जावळीच्या खोऱ्यातल्या वाडीवर ठाणं तास-दीड तासावर असतं, आणि पावसाळ्यात तर विचारूच नका. तिथं बाईला पहिला भेटणारा शासनाचा माणूस पोलीस पाटीलच असतो.

तारखेबद्दल एवढंच सांगते की रिकामा महिना शोधत बसू नका, तो नसतो. मांढरदेवची यात्रा, गावोगावच्या जत्रा, लोणंद-फलटण मार्गावर माउलींची पालखी, गणपती, निवडणुका, सगळीकडे बंदोबस्त. म्हणून एका ठाण्याचे कर्मचारी दोन तुकड्यांत वाटा आणि प्रत्येक तुकडीला दोन अर्धे दिवस द्या, मध्ये आठवडाभराचं अंतर ठेवून. हजेरी ड्युटी म्हणून लागली पाहिजे. साप्ताहिक सुट्टी मोडून आलेला माणूस घड्याळाकडे पाहतो, आणि त्यात त्याचा दोष नाही.

पहिला अर्धा दिवस: टेबल, खुर्ची आणि पाणी

भाषणानं सुरुवात करू नका. खोलीत ठाण्यासारखं टेबल मांडा, समोर बाक टाका, बाकावर चार जण बसवा. एकाला अंमलदार करा आणि अनुभवी हवालदाराला हाताशी धरून तक्रारदार करा. त्याला चिठ्ठीवर एक ओळ द्या: 'दिरानं हात धरला, घरात कुणाला सांगितलेलं नाही.' बाकी काही सांगू नका.

एकदा पन्नाशीचे एक हवालदार तक्रारदार म्हणून उभे राहिले. सुरुवातीला हसत होते. समोरच्यानं सवयीनं विचारलं, "बोला, काय काम?" हे म्हणाले, "तक्रार द्यायचीय." "कसली?" हे गप्प. "अहो, कसली ते सांगा की!" त्यांनी टोपी काढून हातात घेतली, तिची कड बोटांनी चाचपत राहिले आणि बाकाकडे पाहिलं. खोलीतलं हसणं थांबलं. नंतर ते एवढंच म्हणाले, "मला माझी पुतणी दिसली." त्या दिवशी पुढचे दोन तास कुणाला गप्प करावं लागलं नाही.

यानंतर तोच प्रसंग पुन्हा करून घ्या, पण नीट. क्रम साधा आहे. मान वर करायची, शक्य तर उभं राहायचं. "बसा ताई" किंवा वयानुसार "बसा मावशी" म्हणायचं. अगं-तुगं नाही, पारध्याची बाई असो की पाटलाची. पाणी द्यायचं. आपलं नाव आणि हुद्दा सांगायचा. आडोशाच्या जागी न्यायचं. मग पहिला प्रश्न: "आत्ता तुम्हाला लागलंय का कुठं? लेकरं कुठं आहेत?" काय झालं, हे त्यानंतर. आणि तिनं पहिली दोन वाक्यं बोलली की थांबून म्हणायचं, "आलात ते बरं केलंत."

हे वाक्य तोंडात बसायला वेळ लागतो. प्रत्येकाकडून मोठ्यानं म्हणवून घ्या. काही जणांना अवघडल्यासारखं होतं, होऊ द्या. कवायतही पहिल्या दिवशी अंगात बसत नाही.

कोणती वाक्यं टाळायची, हे तुम्ही सांगू नका. फळ्यावर त्यांच्याकडूनच लिहून घ्या, त्यांना सगळी ठाऊक असतात. 'इतके दिवस काय करत होता?' 'तुम्ही काही बोलला असाल.' 'एका हातानं टाळी वाजत नाही.' 'लेकरांचा विचार करा.' प्रत्येक वाक्याशेजारी दुसरं लिहायचं: ते ऐकून बाई पुढचं काय सांगायचं टाळेल?

जबाब: तिचे शब्द तिचेच राहू द्या

प्रशिक्षणातला सगळ्यात कसाचा भाग हाच आहे, आणि यावर मी बराच वेळ घालवते.

बाई सांगते, "त्यानं मनगट पिरगाळलं, भिंतीला दाबलं आणि तोंडावर हात ठेवला. माझ्या ब्लाउजचं हुक तुटलं." कागदावर उतरतं, 'सदर इसमाने मनास लज्जा उत्पन्न होईल असे वर्तन करून अंगाशी झटापट केली.' आता या दोन वाक्यांत काय हरवलं, ते गटाला शोधायला लावा. मनगटावरचा वळ गेला, तो डॉक्टरांना दिसला असता. भिंत गेली, तिथं पंचनामा झाला असता. तुटलेलं हुक गेलं, तो मुद्देमाल होता. आणि दोन वर्षांनी कोर्टात आरोपीचा वकील तिला विचारणार, "झटापट म्हणजे नेमकं काय हो?" ती स्वतःचे शब्द सांगेल, ते जबाबाशी जुळणार नाहीत आणि खोटं बोलते असं ठरेल. ठाण्याच्या भाषेची सवय मोडणं अवघड आहे, पण हे उदाहरण दिल्यावर तपास करणाऱ्यांचे डोळे उघडतात, कारण पडलेल्या खटल्यांची सल त्यांनाही असते.

दुसरी गोष्ट आठवणीची. बाई आधी शेवटचं सांगते, मग मधलं, वेळ चुकते, दुसऱ्या दिवशी नवीनच काही आठवतं. याला बनाव म्हणायची घाई होते. गटाला स्वतःचा एखादा अपघात आठवायला सांगा. डिझेलचा वास आठवतो, हॉर्न आठवतो, समोरच्या गाडीचा नंबर आठवत नाही, आणि कुणी उचललं तेही नाही. धक्का बसलेल्या माणसाची आठवण अशीच तुकड्यांनी येते. म्हणून 'किती वाजता?' पासून सुरुवात करण्यापेक्षा 'तुम्हाला जे आठवतंय तिथून सांगा' म्हणायचं. मध्ये तोडायचं नाही. तिचं झालं की मग एकेक धागा धरून विचारायचं: काय दिसलं, काय ऐकू आलं, कशाचा वास आला.

'ओरडली का नाही?' हा प्रश्न तर येतोच. दातखीळ बसणं, बोबडी वळणं, हातपाय गळणं, आपल्या भाषेत हे शब्द पिढ्यान्‌पिढ्या आहेत. भीतीनं शरीर थिजतं हे आपल्या आज्यांना माहीत होतं. न ओरडणं म्हणजे संमती नव्हे, हे हवालदारांना याच शब्दांत सांगा, पटतं.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे खराच आहे. जत तालुक्याच्या सीमेवरच्या कितीतरी बाया घरात कन्नड बोलतात, तांड्यावरच्या लमाणी. सोबत आलेल्या नवऱ्याच्या भावाला दुभाषा करणं म्हणजे जबाबाचं वाटोळं. प्रत्येक ठाण्यानं दोन-तीन बाहेरच्या दुभाष्यांची, शक्यतो बायांची, यादी आधीच करून ठेवावी. शिबिरात ती यादी तिथंच लिहून पुरी करा.

कायदा एका कार्डावर

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू झाले. कलमं घोकून घेण्याऐवजी टेबलाच्या काचेखाली राहील असं एक कार्ड द्या. त्यावर एवढं पुरे.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न पाहता घ्यायची, लैंगिक गुन्ह्यात ती महिला अधिकाऱ्यानं लिहायची आणि प्रत मोफत द्यायची. बलात्काराच्या तक्रारीतला जबाब तिच्या घरी किंवा ती म्हणेल तिथं (कलम १७६). वैद्यकीय तपासणी खबर मिळाल्यापासून २४ तासांत, तिच्या संमतीनं (कलम १८४). दवाखाना सरकारी असो की खासगी, लैंगिक अत्याचार आणि अॅसिड हल्ल्यात उपचार मोफत (कलम ३९७). तपास कुठवर आला, हे ९० दिवसांत कळवायचं (कलम १९३). लैंगिक गुन्ह्यात तिची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर फिर्यादीचा फोटो टाकणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. आणि या गंभीर गुन्ह्यांत खबर नोंदवायलाच नकार देणाऱ्या लोकसेवकाला न्याय संहितेच्याच कलम १९९ खाली किमान सहा महिने सक्तमजुरी आहे. शेवटची ओळ वाचताना मी आवाज चढवत नाही, तशीच वाचते.

मूल असेल तर पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा: गणवेशात जबाब घ्यायचा नाही, मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही, २४ तासांत बालकल्याण समितीला कळवायचं. तक्रारदार अनुसूचित जाती-जमातीची असेल आणि आरोपी त्या समाजांबाहेरचा, तर अॅट्रॉसिटी कायदा पाहायचाच. तिथं गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशीची गरज नाही.

आपल्या जिल्ह्यांतली दोन उदाहरणं कार्डाच्या मागे हवीतच. विटा-आटपाडीकडची गलाईवाल्यांची, म्हणजे सोनं-चांदी गाळणाऱ्यांची, कुटुंबं देशभर पसरलेली. सून मार खाते दूरच्या शहरात आणि माहेरी येते खानापूर तालुक्यात. 'गुन्हा तिकडं घडला, तिकडं जा' असं तिला सांगता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये रूपाली देवी खटल्यात स्पष्ट केलंय की आसऱ्याला आलेल्या ठिकाणीही छळाची तक्रार चालते. दुसरं उदाहरण ऊसतोडीचं. हंगामात बीडकडच्या टोळ्या कारखान्यांच्या परिसरात कोप्या टाकून राहतात. तिथल्या बाईवर अत्याचार झाला तर दंडाधिकाऱ्यांसमोरचा जबाब पट्टा पडायच्या, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपायच्या, आत झाला पाहिजे. टोळी गावाकडे गेली की तारखेला येण्याचा खर्च तिच्या आवाक्यात नसतो, आणि मुकादम तिला पाठवतही नाही.

पुराव्याबद्दल एक छोटी गोष्ट, पण ती करून दाखवाच: कपडे कागदी पिशवीत ठेवायचे. प्लॅस्टिकमध्ये ओल राहते आणि नमुना खराब होतो. बाई आंघोळ करून आली असेल तर तिच्यावर ओरडायचं नाही, तपासणीला पाठवायचंच.

'समज देऊन सोडले'

दुसऱ्या अर्ध्या दिवसाचा बहुतेक वेळ इथं जातो. वाद होतो आणि व्हायलाच हवा. "मॅडम, संसार मोडायचा का आम्ही?" हा प्रश्न मनापासून आलेला असतो. याला उत्तर देताना मी रजिस्टरातली ती चार वेळा आलेली नोंद परत वाचते. दर वेळी नवऱ्याला समज दिली, दर वेळी तिला नांदायला पाठवलं. चौथ्या नोंदीनंतर पाचवी का नाही, हे कुणी पाहिलं का?

तडजोड कधीच नको असं माझं म्हणणं नाही. बाईलाच नांदायचं असतं, हे मी अनेकदा पाहिलंय. पण ठरवणार ती, आणि तेही नवऱ्याकडचं कुणी समोर नसताना, आपले हक्क कळल्यावर. कौटुंबिक हिंसाचार कायदा २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम ५ प्रमाणे पोलिसांनी तिला सांगायचंच आहे की संरक्षण आदेश मिळतो, राहत्या घरात राहण्याचा आदेश मिळतो, संरक्षण अधिकारी आहेत, मोफत वकील आहे आणि छळाची फौजदारी तक्रारही देता येते. हे सांगून झाल्याची नोंद स्टेशन डायरीत हवी.

परत पाठवण्याआधी तिला एकटीला विचारायचे प्रश्न गटाकडून पाठ करून घ्या. कधी गळा दाबला का? कोयता, कुऱ्हाड दाखवली का? पोटुशी असताना मारलं का? मार वाढत चाललाय का? ती सोडून जायचं बोलल्यापासून जास्त झालंय का? 'तो मला मारून टाकेल' असं तिला स्वतःला वाटतं का? गळा दाबल्याचं 'हो' आलं तर बाकी उत्तरं काहीही असोत, दवाखाना आधी. बाहेर वळ नसला तरी आत सूज येते. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, त्या वेळी लघवी होऊन जाणं, ही लक्षणं अंमलदाराला माहीत असली पाहिजेत. आणि बाई घर सोडते ते दिवस सगळ्यात धोक्याचे असतात. सामान आणायला तिला एकटीला पाठवू नका.

ज्यांना ठाण्याचीच भीती वाटते

पारधी वस्तीवरची बाई ठाण्यात येते तेव्हा तिच्यामागे १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा उभा असतो. तो १९५२ मध्ये रद्द झाला, संशय मात्र राहिला. सांगली-मिरजेतल्या देहविक्री करणाऱ्या बायांचंही तसंच. "तुझ्यावर कसला बलात्कार?" हे वाक्य त्यांनी ऐकलेलं आहे. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पोलिसांना त्यांच्याशी सन्मानानं वागायला आणि अत्याचार झाल्यास इतर कुणाही पीडितेसारखी वैद्यकीय व कायदेशीर मदत द्यायला सांगितलंय. या विषयावर तुम्ही व्याख्यान देऊ नका. त्या समाजातल्या, बोलायला तयार असलेल्या दोन बायांना मानधन देऊन पाहुण्या म्हणून बोलवा आणि त्यांना मध्ये कुणी अडवणार नाही याची काळजी घ्या.

पुढं कुणाकडे

हे सत्र फोनवरच घ्या. महिलांसाठीचा १८१, मुलांसाठीचा १०९८, विधी सेवेचा १५१००, अत्याचारग्रस्त बायांना एकाच जागी मदत देणारं जिल्ह्याचं सखी केंद्र, तालुक्याचे संरक्षण अधिकारी, महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष, सगळ्यांना शिबिरात बसून स्पीकरवर फोन लावा. उचलतात का, रात्री कोण उचलतं, गाडी पाठवतात का, हे सगळ्यांसमोर कळू द्या. न लागणारा नंबर कार्डावरून तिथंच खोडा. बलात्कार, पॉक्सो आणि अॅसिड हल्ल्यातल्या पीडितांसाठी मनोधैर्य ही शासनाची अर्थसाहाय्याची योजना आहे आणि तिचा मार्ग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून जातो. हे अंमलदारांनी पहिल्या दिवशीच सांगितलं, तर बाईचे महिने वाचतात.

सत्राच्या शेवटी अर्धा तास पोलिसांसाठी ठेवा. लहान मुलाचा जबाब घेऊन घरी गेलेला माणूस जेवत नाही, चिडचिड करतो, कधी पितो. हे बोलायला त्यांना जागाच नसते. वरिष्ठांना त्या वेळी बाहेर थांबायची विनंती करा. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर त्यांच्यासाठीही आहे, तो द्या.

तीन महिन्यांनी

शेवटच्या दिवसाचा अभिप्राय अर्ज चांगलाच भरला जातो, त्यावर विसंबू नका. तीन महिन्यांनी न सांगता त्याच ठाण्यात जा. बाईची खुर्ची बाकापासून लांब सरकली आहे का? कार्ड काचेखाली आहे का? पाच नवे जबाब, नावं झाकून, वाचायला मागा आणि त्यात बाईचे शब्द किती, 'सदर इसम' किती, ते मोजा. धोक्याचे प्रश्न विचारल्याची नोंद डायरीत शोधा. तक्रार दिलेल्या, बोलायची तयारी दाखवलेल्या काही बायांना सखी केंद्रामार्फत विचारा: बसायला सांगितलं का, प्रत मिळाली का, नंतर फोन आला का.

अधीक्षकांना एक गोष्ट आधीच समजावून ठेवा. नोंदवलेले गुन्हे या काळात वाढलेले दिसतील. त्यासाठी ठाण्याच्या प्रभारींना गुन्हे आढावा बैठकीत बोलणी बसली, तर पुढच्या महिन्यापासून पुन्हा 'समज देऊन सोडले' सुरू होईल. आणि अंमलदारांच्या बदल्या होत राहतात, त्यामुळे निघण्यापूर्वी नव्यानं आलेल्यांची यादी आणि पुढच्या तुकडीची तारीख प्रभारींकडून लिहून घ्या.